सेकंडहँड इलेक्ट्रिक सायकल, बजेट अगदी कमी, काय बघून घ्यावी?

पायवाट
नमस्कार मंडळी. रोजच्या ये-जा साठी इलेक्ट्रिक सायकल घ्यायचं चाललंय. अंतर जायचं ११ किमी, यायचं तेवढंच, मध्ये एक बऱ्यापैकी लांब चढ लागतो आणि साध्या सायकलवर तिथेच गुडघा दुखायला लागतो. कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय नाही, म्हणजे एका चार्जमध्ये २२ किमी व्हायलाच हवेत. बजेट नव्या चांगल्या सायकलीच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश, त्याच्यावर काही नाही, कर्ज काढायचं नाहीये.

शोधून तीन काढल्यात. पहिली मिड-ड्राइव्ह (मोटर पॅडलपाशी), नावाजलेल्या कंपनीची, ४०० वॉट-अवरची बॅटरी, पाच वर्षं जुनी पण दिसायला कोरी करकरीत, मालक म्हणतात फारशी चालवलीच नाही. दुसरी मागच्या चाकात हब मोटरवाली, ब्रँडचं नाव कधी ऐकलेलं नाही, ३६ व्होल्ट १३ अँपिअर-अवर, अडीच वर्षांची, ओरखडे भरपूर. तिसरी लेड-ॲसिड बॅटरीची, सगळ्यात स्वस्त, बजेटच्या निम्म्यातच बसते. मन पहिलीवर आहे. जाणकारांनी सांगा.

खटपट्या
पहिलीवर मन असेल तर ती बघायला जायच्या आधी एक फोन करा आणि विचारा की त्या मॉडेलला नवी बॅटरी मिळते का आणि कितीला. तो आकडा सायकलीच्या किमतीत मिळवा आणि मग बजेटशी ताडून बघा. जुनी इलेक्ट्रिक सायकल घेताना खरी किंमत ही असते, जाहिरातीत लिहिलेली नाही. फ्रेम, चाकं, मोटर वर्षानुवर्षं जातात, बॅटरी मात्र वापरा किंवा ठेवून द्या, म्हातारी होतेच.

"फारशी चालवली नाही" हे ऐकून लोक खूश होतात, मला उलट तिथेच शंका येते. लिथियम बॅटरी पूर्ण भरून गरम जागेत पडून राहिली की तिची क्षमता हळूहळू कमी होते, आणि पूर्ण रिकामी होऊन महिनोन् महिने पडली तर त्याहून वाईट, सेल इतके खाली जातात की आत तांबं विरघळायला लागतं, आणि असे सेल परत चार्ज करणं धोक्याचं असतं. ठेवायचीच तर निम्म्याच्या आसपास भरून थंड जागेत ठेवावी लागते, आणि हे करणारे मालक मला फार भेटलेले नाहीत. त्यामुळे पाच वर्षं कोपऱ्यात उभ्या असलेल्या कोऱ्या सायकलीपेक्षा अडीच वर्षं रोज पळालेली ओरखड्यांची सायकल मी आधी बघायला जाईन.

दूरदिवे
मी विरोधात लिहितोय, राग मानू नका. वापरलेली लिथियम बॅटरी घरात आणूच नये या मताचा मी आहे. सेलच्या आत शॉर्ट झालं की तो तापतो, शेजारचा तापवतो आणि मग ती साखळी थांबत नाही, वरून पाणी मारलं तरी काही वेळानं परत पेट घेऊ शकते. आधीच्या माणसानं ती कितीदा आपटली, कुठल्या चार्जरला लावली, पावसात आत पाणी गेलं का, यातलं तुम्हाला काहीही कळणार नाही. पैसे साठवून वर्षभरानं नवी घ्या ना.

निळी छत्री
दूरदिवे, काळजी बरोबर आहे पण गुडघा आज दुखतोय त्यांचा. वर्षभर थांबा हा सल्ला ज्याच्याकडे दुसरं वाहन आहे त्याला द्यायला ठीक.

मी रोज ई-सायकल चालवते, तीही वापरलेलीच घेतलेली, म्हणून चालवून बघायचं कसं ते सांगते. मालकाला आधीच सांगून ठेवा की बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. गेल्यावर आधी पॉवर बंद ठेवून साधी सायकल म्हणून चालवा, गिअर टाका, ब्रेक दाबा, हात सैल सोडून बघा एका बाजूला ओढते का. गिअरवाली (मोटरच्या आतच गिअर असलेली) हब मोटर असेल तर बंद असताना चाक जवळजवळ मोकळं फिरायला पाहिजे. मग असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, सगळ्यात कमीवर, मग वाढवत न्या. पॅडल मारायचं थांबवल्यावर मोटर लगेच सोडते का, ब्रेकच्या दांडीला कट-ऑफ स्विच असेल तर दांडी दाबताच मोटर बंद होते का, हे नक्की बघा, भर गर्दीत याच्यावरच सगळं अवलंबून असतं. आणि चढ शोधाच. सपाटीवर सगळ्याच सायकली छान वाटतात.

हिशेबी
आधी गरज काढू. वॉट-अवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. तुमची दुसरी सायकल ३६ × १३ = ४६८ वॉट-अवर, कागदावर. पॅडल मारत, मध्यम असिस्टवर, किलोमीटरला ८ ते १५ वॉट-अवर लागतात, चढ धरून तुमच्यासाठी १२ धरू. २२ × १२ = २६४.

आता पहिली, ४०० ची. पाच वर्षांत ७० टक्के उरली असं धरलं तर २८०. म्हणजे आज पुरेल, पण थंडीत क्षमता घसरते, समोरून वारा असला की जास्त लागते, आणि दर वर्षी अजून थोडी कमी होणार. शिल्लक काहीच नाही. दुसरीची ७५ टक्के उरली असेल तर ३५१, हात मोकळा राहतो. तिसरीचं कागदावरचं गणित बघूच नका, लेड-ॲसिड जास्त करंट ओढला की लिहिलेल्यापेक्षा बरंच कमी देते, रोज खोलवर उतरवली की लवकर बसते, आणि १२ व्होल्टचे १२ अँपिअर-अवरचे तीन ठोकळे म्हणजे साधारण १२ किलो नुसती बॅटरी. बजेटच्या निम्म्यात मिळतेय ते खरं, पण थोड्याच काळात परत शोधाशोध करावी लागेल.

आणि एक विचारायचं राहिलं, आत्ता जी साधी सायकल आहे ती धड असेल तर तिलाच इलेक्ट्रिक करायचं कन्व्हर्जन किट का बसवत नाही? किट आणि नवी बॅटरी, जुन्याची भानगडच नको.

चाकोरीबाहेर
हिशेबी, किटचा सल्ला सरसकट नको. सायकली दुरुस्त करण्यात आयुष्य गेलंय म्हणून सांगतो. पुढच्या चाकाची हब मोटर ॲल्युमिनियमच्या सस्पेन्शन फोर्कला लावली की मोटरच्या जोरानं ॲक्सल (चाकाचा आस) खाचेतून बाहेर फिरू बघतो, खाच फुटते आणि चाक निखळतं, तेही पुढचं. स्टीलचा साधा फोर्क, सोबत टॉर्क आर्म (ॲक्सल फिरू न देणारी पट्टी), नीट आवळलेले नट आणि चांगले ब्रेक एवढं असेल तर जरूर करा. पायवाट, तुमची सायकल कुठली आहे?

पायवाट
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. चाकोरीबाहेर, माझी सायकल जुनी आहे, ॲल्युमिनियम, पुढे सस्पेन्शन, मागचा ब्रेक धड लागत नाही. म्हणजे किट बाद.

खटपट्यांनी सांगितल्याप्रमाणे पहिलीसाठी फोन केला. नवी बॅटरी मिळते, पण तिची किंमत ऐकली आणि गप्प बसले, सायकलीच्या मागितलेल्या किमतीच्या जवळपास तेवढीच आहे. मी विचारलं दुसऱ्या कंपनीची स्वस्तातली बसेल का, ते म्हणाले बसली तरी चालू होणार नाही. असं का?

खटपट्या
बॉश, शिमानो अशा मिड-ड्राइव्हमध्ये बॅटरी नुसती वीज देत नाही, तिचा आणि मोटरचा आतून संवाद चालतो, ओळख पटली नाही तर मोटर सुरूच होत नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं त्यात तथ्य आहे, पण थोड्या पैशात जुनी घेणाऱ्याला ते परवडत नाही. साध्या हब मोटरवाल्या सायकलीत कंट्रोलरला, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या सर्किटला, फक्त बरोबर व्होल्टेज पाहिजे असतं, त्यामुळे ३६ व्होल्टचा चांगला नवा पॅक, मापात बसणारा आणि कंट्रोलर ओढतो तेवढा करंट देणारा, लावता येतो. कंट्रोलर, डिस्प्ले, थ्रॉटल हेही सुटे मिळतात. म्हणून कमी बजेटमध्ये मी नेहमी साध्या हब मोटरकडे ढकलतो लोकांना. मिड-ड्राइव्ह चालवायला सुंदर, यात वाद नाही, चढावर तर फारच. पण दुरुस्तीचा खर्च तिच्या मूळ किमतीच्या हिशेबानं येतो, तुम्ही दिलेल्या किमतीच्या नाही.

तरीही कुणाला मिड-ड्राइव्हच घ्यायची असेल तर अधिकृत डीलरकडे नेऊन तपासणीचा रिपोर्ट काढून घ्यावा. बॉशच्या बाबतीत बॅटरी किती वेळा चार्ज झाली ते त्यात दिसतं. मालक तिथे यायला तयार नसेल तर विषय संपला.

निळी छत्री
यात ॲपचा मुद्दा जोडते. काही सायकली मोबाइल ॲपला बांधलेल्या असतात, आधीच्या मालकानं आपल्या खात्यातून सायकल काढून टाकली नाही तर तुमच्या हातात कुलूप लागलेली सायकल राहते. घेताना समोर उभं राहून खातं बदलून घ्या, "घरी गेल्यावर करतो" चालणार नाही. आणि कंपनीच बुडाली तर? नेदरलँड्सची व्हॅनमूफ जुलै २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा लोकांची हीच धावपळ झाली होती की सर्व्हर बंद पडला तर आपलीच सायकल उघडायची कशी, शेवटी काउबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीनं डिजिटल किल्ली काढून ठेवायचं ॲप दिलं. पुढे व्हॅनमूफ दुसऱ्यांनी विकत घेतली, पण तेवढे दिवस जीव टांगणीला होता लोकांचा. ज्या सायकलीला साधी किल्ली आणि साधा डिस्प्ले आहे ती गरीब माणसाची मैत्रीण.

चोरीच्या सायकलीचंही बघा. फ्रेमचा नंबर बहुतेक वेळा पॅडलच्या आसाखाली कोरलेला असतो, तो बिलावरच्या नंबराशी जुळवा. नंबर घासलेला असेल तर तिथूनच परत फिरा. चार्जरही नाही आणि बॅटरीची किल्लीही हरवलीय असं दोन्ही एकदम सांगितलं तरी परत फिरा, किंमत कितीही मोहात पाडणारी असो.

दूरदिवे
ठीक आहे, घ्यायचीच ठरलीय तर किमान हे तरी पाळा. पॅक हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघा. फुगवटा, चीर, वितळल्याची खूण, गोडसर केमिकलसारखा वास, कनेक्टरवर हिरवट गंज, स्क्रू उघडल्याच्या खुणा, यातलं एक जरी दिसलं तरी ती बॅटरी घरात नेऊ नका. "आतले सेल बदलून घेतलेत" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर विचारा कुणी बदलले, कुठले सेल, बिल आहे का. जुने-नवे सेल मिसळलेले असले की एक गट आधी रिकामा होतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. चार्जिंग झोपायच्या खोलीत नाही, घराबाहेर पडायच्या वाटेत तर अजिबात नाही, कारण पेटली तर तीच वाट बंद होते. रात्री लावून झोपायचं नाही.

खटपट्या
दूरदिवेंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. आणि चार्जर. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम-आयन पॅकमध्ये १० सेल एकामागे एक असतात, प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणजे चार्जरवर ४२ व्होल्टच लिहिलेलं पाहिजे. ४८ व्होल्टवाल्यात बहुधा १३ असतात, त्याचा चार्जर ५४.६ चा. लोक घोटाळा करतात तो एलएफपीच्या (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियमचाच वेगळा प्रकार) चार्जरचा, १२ सेलच्या एलएफपी पॅकचा चार्जर ४३.८ चा असतो, आकडा जवळचा दिसतो, पिनही तीच बसू शकते, आणि तो नेहमीच्या ३६ च्या पॅकला लावला की प्रत्येक सेल ४.३८ वर ढकलला जातो. बीएमएसनं (पॅकमधलं सेल सांभाळणारं सर्किट) तोडायला हवं, पण जुन्या पॅकच्या बीएमएसवर भरवसा ठेवून मी तरी असलं काही करणार नाही.

आता क्षमता मोजायची युक्ती, फार स्वस्त आहे. भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा वीज मोजणारा मीटर कुणाकडून तरी उसना आणा. मालक तयार असेल तर सायकल आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग त्या मीटरमधून पूर्ण चार्ज करा आणि किती युनिट गेले ते बघा, एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरच्या आकड्याचे साधारण ८५ ते ९० टक्के बॅटरीत गेले असं धरायचं. डिस्प्लेवरच्या रेघांवर जाऊ नका, त्या बऱ्याचदा नुसतं व्होल्टेज बघून दाखवतात, थकलेली बॅटरीसुद्धा पाचच्या पाच रेघा दाखवते आणि चढ आला की दोनवर येते.

दुसरं, पूर्ण चार्ज झाल्यावर थोडा वेळ थांबून व्होल्टेज बघा, डिस्प्लेवर आकडा येत नसेल तर मल्टिमीटरनं, पण त्याची टोकं एकमेकांना चिकटू न देता. ४१.५ च्या आसपास किंवा वर पाहिजे. मग चढावर पूर्ण असिस्ट देऊन किती खाली येतं ते बघा. चालती बॅटरी दोन-तीन व्होल्ट पडते आणि भार काढला की झटकन वर येते. पाच-सहा व्होल्ट पडत असेल तर सेलचा आतला रोध वाढलाय, ती लवकरच चढावर मान टाकणार.

चाकोरीबाहेर
सगळे बॅटरीवरच बोलतायत, सायकलीचंही बोलू. मागच्या हब मोटरच्या चाकाचे आरे एकेक करून बोटानं दाबा, जवळपास सारखेच ताणलेले लागले पाहिजेत. तुटलेले किंवा ढिले असतील तर समजा वजन जास्त झालंय किंवा खड्ड्यांतून बेफाम हाकलीय. रिम डुगडुगते का बघा. ॲक्सलमधून वायर बाहेर येते तिथे सायकल त्या बाजूला पडली असेल तर वायर चिरडलेली असते, तिथे चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर ती काढून बघू द्या म्हणावं.

चेन मोजायला साधी पट्टी पुरते. १२ पूर्ण जोड नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. त्याच्यावर एक अष्टमांश इंच वाढली असेल तर चेन गेलीच आणि बहुतेक मागची दातेरी चक्रंही गेली. मिड-ड्राइव्हमध्ये हे फार होतं कारण मोटरचा सगळा जोर चेनमधूनच जातो. ब्रेक पॅड, टायर, ट्यूब हा खर्च तुम्हाला लागलीच करायचाय असं धरून किंमत खाली आणा, यात संकोच करायचं काही कारण नाही. डिस्प्लेवरचे किलोमीटर मात्र मी मानत नाही, स्वस्त सायकलीत डिस्प्ले बदलला की आकडा शून्यावर येतो. पॅडलचे रबर, हँडलची मूठ, सीटच्या कडा बघा, त्या खोटं बोलत नाहीत.

अजून एक तपासणी जी लोक करत नाहीत. पॉवर बंद असताना मागचं चाक हातानं उलटं फिरवा. अडखळत, झटके देत फिरत असेल तर मोटरचा प्लग काढा आणि परत फिरवा. आता सुरळीत फिरलं तर मोटर ठीक आहे, कंट्रोलर आतून शॉर्ट झालाय. कंट्रोलर बदलणं स्वस्तातलं काम आहे, पण किंमत ठरवताना हे माहीत असलेलं बरं. प्लग काढूनही अडखळत असेल तर मोटर उघडावी लागेल.

पायवाट
दुसरी सायकल बघून आले. मालक भला माणूस निघाला, स्वतः कामावर नेत होता, आता बदली झाली म्हणून विकतोय. बिल आहे, नंबर जुळला, दोन्ही किल्ल्या आहेत, चार्जरवर ४२ व्होल्ट लिहिलंय. त्यांनी बंद पडेपर्यंत चालवून ठेवली होती, माझ्या मीटरमधून चार्ज केली, ०.४१ युनिट गेले, वेळ पाच तासांहून थोडा जास्त. नंतर ४१.६ व्होल्ट, चढावर पूर्ण असिस्टला ३८.९, सोडल्यावर लगेच ४१.२. मागचे तीन आरे ढिले, मागचे पॅड संपलेत, चेन पट्टीवर थोडी लांब भरते पण अष्टमांश नाही. चाक हातानं उलटं फिरवलं, थोडं जड लागतं पण झटके नाहीत. घ्यावी का?

हिशेबी
४१० वॉट-अवर भिंतीतून, ८७ टक्के धरले तर ३५७ बॅटरीत. ३५७ भागिले ४६८ म्हणजे ७६ टक्के. तुमची गरज २६४, जवळपास एक चतुर्थांश शिल्लक राहते. पुढे ६५ टक्क्यांवर आली तरी ३०४, तेव्हाही काम भागेल. चार्जिंगचा वेळही जुळतोय, चार्जर २ अँपिअरचा असेल तर दहा अँपिअर-अवरच्या आसपास भरायला पाच तास आणि शेवटचा थोडा हळू भाग. मी घेतली असती.

खटपट्या
व्होल्टेज पावणेतीननं पडलं आणि परत वर आलं, मला चालेल. उलटं फिरवताना जड लागणं गिअरवाल्या हब मोटरमध्ये साहजिक आहे, क्लच फक्त पुढच्या दिशेला मोकळं सोडतो. घ्या. पण किंमत ठरवताना मीटरचा आकडा मालकांना शांतपणे दाखवा, चोवीस टक्के बॅटरी खर्च झालेली आहे आणि ती तुम्हालाच पुढे बदलायचीय. भल्या माणसाला हे पटतं. वाचलेले पैसे वेगळे ठेवा आणि त्यात थोडी थोडी भर घाला, नव्या पॅकसाठी, कारण तो आज नाही तर दोन-तीन वर्षांनी लागणारच.

दूरदिवे
मोजमाप करून घेताय हे बघून माझा विरोध बराच निवळला. मालकांना एवढं विचारा की बॅटरी कधी पाण्यात बुडाली किंवा खाली पडली होती का. आणि वापरून आल्या आल्या गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या. थंडी फार पडत असेल तर शून्य अंशाच्या खाली गारठलेली बॅटरी चार्ज करायची नाही, आत लिथियमचा थर साचतो आणि तो परत जात नाही.

पायवाट
विचारलं, पडली नाही, पाण्यातही गेली नाही. बिलावर त्यांची सही घेऊन व्यवहार केला, पॅड आणि आऱ्यांचे पैसे त्यांनी स्वतःहून कमी केले, बॅटरीचेही थोडे. बजेटमधून नवी चेन येईल एवढे उरलेत. एकच शंका, रोज २२ किमीसाठी पूर्ण १०० टक्के चार्ज करू की ८० वर थांबवू? ८० वर थांबवलं तर आयुष्य वाढतं असं वाचलंय.

खटपट्या
वाढतं, खरं आहे, पण तुमच्या बाबतीत ८० टक्के म्हणजे २८५ च्या आसपास, गरज २६४. चढावर ऐन वेळी कमी पडेल. संध्याकाळी जागे असताना बरीचशी भरून घ्या आणि उरलेली जायच्या थोडं आधी पूर्ण होईल अशी सकाळी लावा म्हणजे भरलेली बॅटरी तासन् तास पडून राहणार नाही. सुट्टीच्या दिवसांत निम्म्यावर ठेवा. आणि पूर्ण भरल्यावर मधूनमधून चार्जर थोडा जास्त वेळ राहू द्या, जागे असताना, बऱ्याच बीएमएस सेलचे गट सारखे करण्याचं काम शेवटच्या टप्प्यातच करतात.

चाकोरीबाहेर
अभिनंदन. आरे लगेच आवळून घ्या, ढिल्या आऱ्यांवर मोटर चालवली की शेजारचे तुटत जातात. मागच्या ॲक्सलचे नट पान्यानं तपासा आणि टॉर्क आर्म बसवलेला नसेल तर बसवून घ्या. पहिल्या आठवड्यानंतर परत एकदा तेच नट बघा. वायर ॲक्सलपाशी खालच्या बाजूला वळण देऊन बांधा म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून मोटरमध्ये न जाता खाली ठिबकेल.